आउटबोर्ड मोटरची लाल बत्ती विझतच नाही, मोटर गार असली तरी

सिंदफणाकाठ

राम राम मंडळी. माजलगाव धरणावर आमची फायबरची बोट हाय, १९ फुटी, तिला ४० एचपीची टू स्ट्रोक मोटर, सेल्फ स्टार्ट, मधी रिमोट (रेस-गियरच्या दांड्याचा डबा) अन् चावीचं पॅनल. दोन वर्षांखाली कोकणातून सेकंडहँड आणली. ऑइलची टाकी वेगळी नाही, पेट्रोलमधीच मिसळतो, त्यामुळं पॅनलवर एकच लाल बत्ती अन् एक बझर, ते मोटर तापल्याचं सांगायला.

उन्हाळ्यात पाणी पार खाली गेलं, गाळात बोट कशाला चालवायची म्हणून बोट अन् मोटर दोन्ही शेडात आणून ठेवलं होतं. परवा मोटर पाण्याच्या ड्रमात उभी करून चालू केली तर चावी टाकल्या टाकल्या लाल बत्ती, बझरचा कुईईई, अन् ते काही केल्या बंद होईना. मोटर गार हाय, नुसती चावी टाकली तरी पेटते. चालू केली तर पिचकारी (मोटर गार ठेवणाऱ्या पाण्याची मागून पडती ती धार) जोरात यायलीय, हेडला हात लावला तर आरामात ठेवता येतो, पण थोडं वर रेस केलं की घुर्र घुर्र करती अन् चढतच नाही.

गावातल्या एका मिस्त्रीला दाखवलं, त्यानं झाकण उघडून दोन मिनिटं बघितलं अन् म्हणला सीडीआय (स्पार्क सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलं, नवीन बसवा. किंमत ऐकून मी झाकण परत लावून घेतलं. मागच्या वर्षी २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा फुगली तेव्हा हीच बोट माणसं काढायला नेली होती, एक दिवस दगा दिला नाही, अन् आता शेडात बसून बिघडली म्हणजे काय सुधरंना. वायरींच्या रंगावर जाऊ नका, आधीच्या मालकानं मधी मधी भलत्याच रंगाचे तुकडे जोडलेत. कुठून सुरुवात करू?

बुलेटराजा_परळी

एवढं काय टेन्शन घेता, बझरची अन् बत्तीची वायर कापून टाका, विषय संपला. माझ्या गाडीत चेक इंजिनची लाईट तीन वर्षं झाली पेटलेली हाय, वर काळी टेप लावलीय.

गेवराईकर

वरच्या भावाचं ऐकू नका, ते रस्त्यावर चालतं, पाण्यावर नाही. अन् कापून उपयोगपण होणार नाही, कुठं कापता त्याच्यावर हाय सगळं.

मी मूळचा गेवराईचा पण पाच वर्षं रत्नागिरीला मिरकरवाड्यात मोटरींच्या कामावर होतो म्हणून सांगतो. ह्या बत्तीचा मेळ लई साधा असतो. चावी टाकली की प्लस बत्तीपर्यंत अन् बझरपर्यंत येऊन थांबतं. बत्तीचं मायनस मात्र पॅनलवर नसतं, ते एका वायरीनं मागं मोटरीत जातं अन् हेडवर बसवलेल्या थर्मो स्विचला लागतं. हेड जास्त तापलं की स्विच आतून चिकटतो, वायर अर्थ होती, बत्ती पेटती. म्हंजे बत्तीला मोटर तापली का नाही हे काही कळत नाही, तिला फक्त आपली वायर अर्थ झाली एवढंच कळतं. ती स्विचनं अर्थ केली का घासून अर्थ झाली, तिला दोन्ही सारखंच.

अन् तुमची रेस का चढंना? तीच वायर सीडीआयलापण जाते. सीडीआयला वाटतं मोटर तापलीय, मालक मोटर मारायलाय, म्हणून ते स्पार्क कमी करून आरपीएम दाबून ठेवतं. सीडीआय गेलं नाही, उलट ते त्याचं काम इमानदारीत करायलंय. मिस्त्रीला तेवढंच दिसलं.

रंग सांगून ठेवतो, दुसऱ्या कुणाला कामाला येतील. यामाहात चावीचा प्लस पिवळा अन् स्विचची वायर गुलाबी. जुन्या जॉन्सन एविनरूडला प्लस जांभळा अन् स्विचची वायर खाकी. मर्क्युरीतपण जांभळा अन् खाकीच, कधी खाकीवर निळी रेघ. तुमच्याकडं तुकडे जोडलेत म्हणताय तर हेडवरच्या स्विचपासून वायर हातानं चाचपत चाचपत जा, रंग विसरा.

आता पहिली टेस्ट. मोटर बंद, चावी ऑन, बत्ती पेटलेली. हेडवर स्विच शोधा, बटणाएवढा असतो, दोन वायरी निघतात, एक काळी म्हंजे अर्थ अन् दुसरी आपली. आपल्या वायरीची गोल पिन सोडवा. बत्ती विझली तर स्विच आत चिकटलाय, नवीन टाका. विझली नाही तर स्विच चिकटलेला नाही, वायर वाटंत कुठंतरी काळीला चिकटलीय. एवढं करा अन् सांगा.

पूर्णाकाठचे_आबा

गेवराईकरांचं बरोबर आहे. मी सिद्धेश्वर धरणावरचा, औंढ्याकडचा, वय आता ६३. त्या परळीच्या पोराला सांगतो की मी हेच केलं होतं. बझर लई कुरकुर करायचा, जाळ्यावर बसलेली पाखरं उडायची, म्हणून उपटून फेकला. नंतर एकदा पाणी घ्यायच्या जाळीत जलपर्णीच्या मुळ्या बसल्या, पिचकारी बंद झाली, मला मागं बघायचं भान नाही कारण समोर वारा उठला होता. पिस्टन चिकटला. धरणाच्या मधोमध. दोघं जण वल्ह्यानं मारत मारत चार तासांनी काठाला आलो, अन् ब्लॉक, पिस्टन, रिंगा मिळून जो खर्च झाला त्यात गोऱ्हा आला असता. आठ रुपयाची वायर वाचवली नाही, कापली.

सिंदफणाकाठ

गेवराईकर, पिन सोडवली, बत्ती तशीच पेटलेली. म्हंजे स्विच चांगला. मंग मी थोडं डोकं लावलं, मोटरीतून पुढं पॅनलकडं जाणारा जो मोठा कपलर (सगळ्या वायरी जोडायचा प्लग) हाय तो उपसला, अन् बत्ती लागलीच विझली! बझरपण गप्प. म्हंजे बिघाड मोटरीतच हाय ना, पुढच्या वायरींत नाही? मंग तो मिस्त्री बरोबर म्हणत होता का, सीडीआयच?

वायरमन_जालना

थांबा थांबा थांबा. सीडीआय घेऊ नका.

मी बोटीवर कधी बसलो नाही पण वायरिंगमधी २२ वर्षं गेली, ट्रॅक्टर, हार्वेस्टर, जेसीबी. एक सांगा, तुमची बॅटरी कुठं लावलीय? मोटरीला ना? मंग पॅनलला प्लस कुठून येतं? त्याच मोठ्या कपलरातून! लाल वायर बॅटरीपासून मोटरीत, फ्यूजमधून, कपलरमधून पुढं चावीला. तुम्ही कपलर उपसला म्हंजे चावीचा सप्लायच काढला. बत्ती विझणारच, गावाची डीपी पाडली तर घरातला बल्ब विझतो, तो बल्ब खराब थोडाच असतो.

तर कपलर काढलेला राहू द्या, ते बरंच झालं. आता मल्टीमीटर घ्या, साधा २५० रुपयाचापण चालंल, बीपवर ठेवा. चावी बंद. कपलरच्या पुढच्या बाजूला म्हंजे पॅनलकडं जाणाऱ्या तोंडाला स्विचच्या वायरीची पिन अन् काळ्या वायरीची पिन, दोन्हीला प्रोब लावा. बीप आली तर शॉर्ट पुढच्या वायरीत. नाही आली अन् स्क्रीनवर काही ओहम दाखवले तर घाबरू नका, ते बल्बमधून अन् आरपीएम मीटरमधून फिरून येतात. मंग हेच मोटरीकडच्या तोंडाला करा. पण तिकडं सीडीआय जोडलेलं हाय, तिथं आलेल्या आकड्यावर निकाल देऊ नका, आधी ही वायर सीडीआयवरून सोडवा अन् मग मोजा.

दुसरं म्हंजे मोटर चालू असताना टेस्ट लॅम्प घेऊन सीडीआयच्या वायरी टोचत बसू नका, तिथला करंट बॅटरीचा नाही, झटका बसल तो बसल अन् सीडीआय खरंच जाईल. अन् चालू मोटरीत बॅटरीचा टर्मिनल काढू नका, रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करणारा भाग) उडतो.

गेवराईकर

जालनेकर, मानलं तुम्हाला. सप्लायचं माझ्या लक्षातच आलं नाही सांगायचं.

एक भर घालतो. बोट फायबरची हाय, म्हंजे वायर बोटीला घासून अर्थ होणार नाही, फायबरमधून करंट जात नाही. ट्रॅक्टरमधी वायर चेसीसला घासली की झालं, इथं तसं नाही. इथं स्विचच्या वायरीला अर्थ तीनच ठिकाणी भेटंल, मोटरीची बॉडी, रिमोटचा लोखंडी डबा, नाहीतर त्याच केबलमधली काळी वायर. मोटरीत झाकणाखाली केबल जिथं रबरी बुशातून बाहेर निघती तिथं बघा, वळवून वळवून चिरतं. ते नसंल तर केबलमधी दोन वायरी एकमेकीला उघड्या पडून भिडल्यात. असं आपोआप होत नाही. खिळा बसलाय, दबलीय, नाहीतर कुणीतरी कुरतडलंय. शेडात काय काय ठेवलं होतं?

सिंदफणाकाठ

हसू नका.

पुढच्या तोंडाला बीप आली. मंग केबल हलवत हलवत गेलो, पोराला मीटर धरून बसवला, मी हलवायचो अन् तो ओरडायचा आली, गेली, आली. पुढच्या फळीखाली हात घातला तर बीप तुटायलीय. फळी उचलली तर केबलच्या वरचं काळं कव्हर वीतभर गायब, आत पाच वायरी खाल्लेल्या, तांबं उघडं, स्विचची अन् काळी एकमेकीच्या गळ्यात गळा घालून. अन् शेजारी उंदराचं घरटं, त्यात आमच्या पेरणीच्या सोयाबीनचा भुस्सा. झालं असं की बियाण्याच्या दोन पिशव्या कडब्याजवळ ठेवल्या तर उंदीर खातील म्हणून बायको म्हणली बोटीत ठेवा, वर ताडपत्री टाका. उंदरांनी बियाणंपण खाल्लं अन् वायरपण. आता ती म्हणायलीय मी फक्त पिशव्या ठेवा म्हणले होते, उंदीर ठेवा म्हणले नव्हते.

आता जॉइंट मारून टेप गुंडाळू का पूर्ण केबल बदलू? नवीन केबलसाठी संभाजीनगरला विचारलं, मागवावी लागंल म्हणले, वेळ लागंल.

वायरमन_जालना

केबल बदलायची गरज नाही, वीतभरच खाल्लंय ना. पण पिळून टेप गुंडाळायची नाही, ते घरातल्या पंख्याला ठीक हाय. खाल्लेला भाग दोन्हीकडून कापा, तांबं काळं पडलं असंल तर चमकदार तांबं लागंपर्यंत मागं सरका, अन् तेवढेच नवीन तुकडे टाका. वायर कल्हई केलेली भेटली तर उत्तम, मंजी पांढरी चमकती ती. जाडी जुन्याएवढी, लाल वायरीला तर कमी जाडीची चुकूनपण नको, सेल्फच्या रिलेचा अन् चावीचा सगळा भार तिच्यावर.

जॉइंटला थिंबल (दोन टोकं जोडायची धातूची नळी) दाबायचं, दाबायचं म्हंजे क्रिम्पिंगच्या पकडीनं, दातानं नाही, लोक दातानं करतेत. त्याच्यावर हीट श्रिंक नळी, आतून गोंद असलेली भेटती ती घ्या, लायटरनं तापवली की गोंद वितळून दोन्ही टोकं बंद करतो. नळी जॉइंटच्या आधी वायरीत ओवायला विसरू नका, मी आजपण विसरतो अन् परत कापतो. अन् पाचही जॉइंट एका रेषेत नको, मागंपुढं ठेवा, नाहीतर गाठोडं होतं अन् परत दबतं. वरून लवचिक पन्हळी पाइप, तो चिरलेला असतो म्हणून लगेच बसतो. सगळं झालं की फळीखालून जरा वरून बांधून घ्या, तळाला बोटीत पाणी साचतं त्यात पडून नको.

सिंदफणाकाठ

झालं मंडळी! सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. चावी टाकली, बत्ती बंद, बझर गप्प, मोटर ड्रमात असली तरी रेस द्यावं तशी चढायलीय, घाबरून मीच कमी केली. अन् हात चालूच होता तर जुना बल्ब काढून ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडून १२ व्होल्टची लाल एलईडी बसवली, उन्हात बल्ब दिसायचा नाही. ड्रमातलं पाणी बैलाच्या हौदात ओतलं पोरानं, बैलानं तोंडसुद्धा लावलं नाही, तेलाचा तवंग. हौद दोनदा धुतला. सगळ्यांचे आभार, धागा बंद समजा.

गेवराईकर

धागा बंद करू नका. आता बत्ती पेटत नाही, बरोबर? मंग ती पेटू शकते का, हे कुणी बघितलं? आधी ती कायम पेटायची म्हणून आपल्याला राग आला, आता ती कायम विझलेली हाय म्हणून आपण खूश. तुटलेली वायरपण विझलेलीच दिसती.

चावी ऑन करा, मोटर बंद. हेडवरच्या स्विचची ती पिन परत सोडवा अन् वायरीचं टोक मोटरीच्या बॉडीला, रंग नसलेल्या एखाद्या बोल्टला टेकवा. बत्ती पेटलीच पाहिजे अन् बझर वाजलाच पाहिजे. काही मोटरींत चावी टाकली की बत्ती आपोआप एकदा पेटून विझती, तुमच्यात तसं नाही, तर हे हातानंच करावं लागतं. दर वर्षी सिझनच्या सुरुवातीला करायचं.

सिंदफणाकाठ

टेकवलं. बझर वाजला. बत्ती नाही पेटली. वायर बरोबर असणार ना, बझर वाजतोय म्हंजे?

वायरमन_जालना

वायर बरोबर. एलईडी उलटी बसवलीय. बल्बला उलटंसुलटं नसतं, एलईडीला असतं. तिचा प्लस चावीकडं अन् मायनस स्विचच्या वायरीकडं पाहिजे. दोन वायरी अदलाबदल करा. अन् पावसाळी हवेत कपलर ओला झाला अन् एलईडी मंद मंद, काजव्यासारखी पेटल्यासारखी वाटली तर घाबरून सीडीआय घ्यायला पळू नका. एलईडीला इतका कमी करंट लागतो की ओलाव्यातून झिरपलेलापण पुरतो, बल्ब त्याला दाद देत नव्हता. कपलर वाळवा, विझंल.

सिंदफणाकाठ

अदलाबदल केली, पेटली. लाज वाटायलीय.

पूर्णाकाठचे_आबा

लाज कशाची, मी पिस्टन फोडून शिकलो. आता एवढं केलंच आहे तर स्विचपण तपासून घ्या, तो राहिलाय. पिन सोडवून वायर टेकवली म्हणजे वायर तपासली, स्विच नाही. तो काढा, हेडला नुसता दाबून बसवलेला असतो किंवा एका पट्टीनं धरलेला. मल्टीमीटरच्या वायरी त्याच्या दोन वायरींना लावा, बीपवर, अन् त्याचं पितळी तोंड तेवढं पातेल्यातल्या पाण्यात धरा, पूर्ण बुडवू नका. पाणी तापवत न्या. उकळी फुटायच्या आधी बीप आली पाहिजे, बहुतेक स्विच ८० ते ९५ अंशाच्या दरम्यान चिकटतात. गॅस बंद केला की बीप लगेच जात नाही, पाणी बरंच खाली आल्यावर जाते, तो दोष नाही, तशीच रचना असते. पातेलं घरातलं दुधाचं घेऊ नका.

सिंदफणाकाठ

आबा, उशिरा सांगितलं, पातेलं दुधाचंच होतं. थर्मामीटर शेजारच्या डेअरीवरून आणला. ८८ ला बीप आली, गॅस बंद केल्यावर ७५ च्या आसपास गेली. स्विच चांगला. बायकोनं पातेलं माझ्याकडंच ठेवायला सांगितलंय, कायमचं.

बुलेटराजा_परळी

मी आपलं साधं सांगितलं होतं राव, एका कात्रीचं काम, तुम्ही पातेल्यापर्यंत गेलात.

निवांत_नांदेड

विष्णुपुरीच्या बॅकवॉटरला आमच्या भाच्याची बोट हाय, तिचीपण हीच कहाणी, फक्त तिकडं मुंग्या निघाल्या, कपलरच्या आत. वायरींना काही नव्हतं. ह्या धाग्याची लिंक त्याला पाठवली. एक विचारू का, इम्पेलर (पाण्याच्या पंपातला रबरी पंखा) किती दिवसांनी बदलायचा, त्याची मोटर दोन वर्षांत उघडली नाही.

गेवराईकर

नांदेडकर, भाच्याला म्हणा तास मोजू नको, वर्षाला एकदा काढ अन् बघ. रबराच्या पाकळ्या असतात, मोटर पडून राहिली की एकाच बाजूला वाकून कडक होतात. अन् मोटर पाण्याबाहेर कोरडी एक मिनिटपण चालवायची नाही, पाणीच त्या रबराचं वंगण असतं, लोक फक्त चालू होती का बघू म्हणून चालवतात अन् तिथंच पाकळ्या जातात. गोड्या पाण्यात गंजाची भानगड कमी, कोकणात जॉइंट उघडला की हिरवा चिकटा निघतो, पण आपल्याकडचा गाळ पंपाला लई खातो. उन्हाळ्यात धरण तळाला गेलं की रेती ओढून घेतो.

सिंदफणाकाठ

नऊ दिवसांनी लिहितोय. रविवारी पहाटे जाळी काढायला गेलो, कटला चांगला लागला होता, येताना वजन जास्त, मोटर फुल रेसवर. अर्ध्या वाटंत लाल बत्ती पेटली अन् कुईईई. खरं सांगतो, पहिलं मनात आलं की परत उंदीर. पण मागं वळून बघितलं तर पिचकारी बारीक, थेंब थेंब. लगेच रेस कमी केली, बंद केली, मोटर वर उचलली तर पाणी घ्यायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी, खताची, अक्षरंसुद्धा वाचता येत होती. काढली, दहा मिनिटं थांबलो, चावी टाकली, बत्ती नाही. चालू केली, पिचकारी झकास.

आबा, कटला ठेवलाय तुमच्यासाठी, औंढ्याच्या बाजूला कधी येणं झालं तर घेऊन येतो. अन् शेडातल्या उंदरांवर काही इलाज असंल तर सांगा, मांजर ठेवली होती, ती धरणावर माशे खायला जाते अन् उंदरांकडं बघतसुद्धा नाही.